पितळी दाताचा आवाज

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज ऑफिसात जे वाचलं ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही डायरी उघडली. पप्पांना चाकणच्या कंपनीतून दरवर्षी एक मिळते आणि दरवर्षी ती कोरीच राहते. ह्या वर्षीची दहा महिने कोरी होती.

तर, माझी चोरी पकडली गेली आहे. तीन वर्षांपूर्वीची.

आमचा स्टुडिओ म्हणजे डांगे चौकापासून दोन गल्ल्या आत, बेकरीवरचा मजला. माणसं सात. आजवर एकच गेम बनवला, 'गाळा नंबर नऊ'. भोसरीकडे असतो तसा पत्र्याचा गाळा, आत चार मशीन. ऑर्डर घ्यायची, जॉब लावायचा आणि टूल चकाला, म्हणजे जॉब धरणाऱ्या फिरत्या पकडीला, आदळायच्या आत मशीन थांबवायचं. बास, एवढंच. ब्राउझरमध्ये चालतो. सुजितसर हिंजवडीची नोकरी सोडून ह्यात पडले तेव्हा त्यांच्या घरचे त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हते. आता चाळीस हजार लोक खेळतात.

गेममधले आवाज सगळे माझे. मशीन नंबर तीन म्हणजे मोठा लेथ. त्याचा आवाज मी कुदळवाडीत एका भंगारवाल्याकडे घेतला होता. तो गिऱ्हाइकाला लेथ चालवून दाखवत होता, मी माइक पुढे धरला. घरी येऊन ऐकते तर घरघरीत मधेच 'टक्'. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. एकसारखं अंतर ठेवून, बाकीच्या आवाजापेक्षा जरा बद्द. मला वाटलं माइकची केबल सैल होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायला गेले तर लेथ कापून टेम्पोत भरलेला. मी गप्प बसले. तसाच आवाज गेममध्ये घातला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आज सुजितसर म्हणाले, "विजयश्री, ही फॅनसाइट बघ. आपल्या गेमवर आपल्यापेक्षा जास्त लिहिलंय राव ह्यांनी."

साइटचं नाव 'गाळेवाले'. तिच्यात 'आवाजांची वही' नावाचं पान आहे. माझ्या अकराही आवाजांच्या फाइली तिथे ऐकायला ठेवल्यात, आणि तीन नंबरखाली लिहिलंय: 'गिअरचा एक दात पितळेचा. फेऱ्याला एक टक्. टक् बद्द असेल तर मशीन ठीक. बेचाळीस टक् मोजा, थांबवा. पाहू नका.'

पितळेचा दात! माझ्या सैल केबलला ह्या माणसाने दात बसवला. हा चेष्टा करतोय की खरंच एवढा भाबडा आहे, कळेना. 

बुधवार, ५ नोव्हेंबर

साइट पूर्ण वाचली. जेवायचं राहिलं. आईने डब्यात दिलेली मेथीची भाजी तशीच परत नेली म्हणून तिने फैलावर घेतलं ते वेगळंच.

साइटवर एकही चित्र नाही. लोक आमच्या गेमवर लिहितात तेव्हा चित्रांचा भडिमार असतो, इथे आवाज सोडले तर नुसते शब्द, आणि तेही निम्मे इन्स्पेक्शनच्या रिपोर्टसारखे कोरडे. मधेच सूर बदलतो, 'ही मशीन लई गुणाची हाय' असं काहीतरी येतं आणि पुन्हा कोरडं. एका माणसाचे दोन मूड असावेत.

पण काय ऐकलंय ह्याने! 'सकाळच्या ऑर्डरींना पत्र्यावर कबुतर चालतं. डाव्या कानाला.' मी म्हटलं, थाप. गेममध्ये कबुतर घातलंच नाही, तर येईल कुठून? हेडफोन लावून सकाळच्या गाळ्याचा आवाज सहा वेळा ऐकला. सहाव्या वेळी ऐकू आलं. डावीकडे, पत्र्यावर नखं. मी ते रेकॉर्ड केलं होतं आणि तीन वर्षांत मला ते ऐकू आलं नव्हतं.  सातव्यांदा पुन्हा लावलं.

साइटला विचारलं, फोटो का टाकत नाही? लगेच उत्तर, 'फोटोची गरज पडत नाही.' पितळेचा दात कशावरून? 'विचारून कळवण्यात येईल.' आता हा स्वतःच्याच साइटवर कुणाला विचारणार?

संध्याकाळी कळवलं. 'विचारलं. तो दात आम्हीच बसवला होता.'

इथे मात्र मी हसले. कबुतरापर्यंत ठीक होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बेंगळुरूची एक कंपनी आमच्या गेमची दुसरी आवृत्ती बाजारात आणणार आहे. त्यांच्या वकिलाची अट, की गेममधली कुठलीही फाइल फॅनसाइटवर दिसता कामा नये. सुजितसरांना ते जड गेलं, पण सात माणसांचं ऑफिस चालवायचं आहे. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला आनंद झाला. ते पान गेलं की माझी सैल केबलही गेली. मी छान, गोड शब्दांत लिहिलं: 'आपल्या प्रेमाबद्दल आभार. तरी साइटवरील सर्व आवाज काढून टाकावेत.'

तासाभरात उत्तर. 'आदेश मिळाला. अकरा आवाज लाइनवरून काढले. वेळ दुपारी १२.४०. कंपनीचं भलं होवो.'

ना वाद, ना शिवी. दुसऱ्या एका फॅनसाइटला असंच पत्र गेलं तर त्यांनी आमच्या सात पिढ्या उद्धारल्या. ह्याने भलं होवो म्हटलं. ते वाचून मला जरा कसंतरीच झालं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुसऱ्या आवृत्तीसाठी आवाज साफ करतेय. तीन नंबरमधून टक् काढायला दोन दिवस लागले. आता लेथ लोण्यासारखा चालतो.

आणि जुनी फाइल मी काढून टाकली. सर्व्हरवरून, माझ्या कॉम्प्युटरवरून, कपाटातल्या हार्डडिस्कवरून. साफ केलेली ठेवली की जुनी कशाला हवी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मला माहीत आहे. बेंगळुरूचा कुणी शहाणा उद्या जुनं-नवं शेजारी लावून ऐकेल आणि विचारेल, मॅडम, हे टक् काय होतं?

सोमवार, २४ नोव्हेंबर

शुक्रवारी नवीन आवाज चढवले. आवाज सर्व्हरवरूनच उतरतात, त्यामुळे सगळ्यांच्या गेममध्ये एकदम बदलले. लोक खूश. 'मशीन नवीन घेतल्यासारखं वाटतं,' असं एकाने लिहिलं. मी दोन वेळा वाचलं.

आज 'गाळेवाले' उघडलं. आधीची सगळी पानं आहेत, पण वर एकच ओळ: 'मशीन नंबर तीन बंद आहे. काम थांबलं आहे.'

बंद कुठे आहे? मी स्वतः खेळून पाहिलं. व्यवस्थित चालतंय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

साइटला समजावून लिहिलं. मशीन बंद नाही, फक्त आवाज सुधारला आहे. चालू असताना वर हिरवा दिवा लागतो, टूल चकाजवळ आलं की लाल होतो, तो पाहून थांबवावं.

उत्तर: 'दिव्याचा इथे उपयोग नाही.'

मी लिहिलं, सगळे तर दिवा बघूनच खेळतात.

उत्तर: 'खेळत असतील.'

काय हट्टी माणूस आहे! जुन्या गोष्टींना चिकटून बसायचं, नवीन काही बघायचंच नाही. आता त्याचे वाचकही आम्हाला पत्रं लिहू लागलेत, साडेतीनशे झाली. बेंगळुरूवाले अस्वस्थ आहेत. सुजितसर म्हणाले, "पत्ता माग. स्वतः जा, गोड बोल, आपला टी-शर्ट दे."

पत्ता मागितला. 'यावे. दापोडी, रेल्वे लाइनच्या कडेची गल्ली, पिठाच्या गिरणीवर. ओव्हाळ. शनिवारी घरीच आहोत.'

शनिवार, २९ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर लिहिताच येणार नाही.

गिरणीवरच्या जिन्याने वर गेले. दार साठीच्या पुढच्या एका बाईंनी उघडलं. कपाळ मोकळं, चष्मा दोरीला बांधलेला. "जय भीम. या, बसा. कंपनीतनं आल्या न्हवं?" मीही जय भीम म्हटलं. त्या चिमाबाई. आत खुर्चीवर त्यांचे यजमान, किसनकाका. शेजारी टेबलावर जुना लॅपटॉप. काका लॅपटॉपकडे तोंड करून बसले नव्हते, भिंतीकडे बसले होते. मला वाटलं, रुसलेत.

मी टी-शर्ट पुढे केला. "काका, आमच्याकडून. ह्याच्यावर आपला गाळा छापलाय." त्यांनी हात पुढे केला नाही. मी तशीच टी-शर्ट धरून उभी. मग चिमाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि त्यांच्या हातात ठेवला. काकांनी छपाईवरून बोटं फिरवली. "गुळगुळीत हाय," म्हणाले.

तेव्हा मला कळलं. पाहू नका, फोटोची गरज पडत नाही, दिव्याचा इथे उपयोग नाही. एवढं धडधडीत लिहिलेलं, आणि मी त्या माणसाला दिवा बघ म्हणून सांगितलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"साखरंनं गेली डोळं," चिमाबाई म्हणाल्या. "सा वर्सं झाली. एकतीस वर्सं टर्नर व्हते पिंपरीत. म्या चाकणला फायनल इन्स्पेक्शनला. त्ये सांगत्यात, म्या लिवते."

म्हणजे 'विचारून कळवण्यात येईल.' दोन मूड नव्हते, दोन माणसं होती.

"तुमी आवाजवाल्या व्हय?" काकांनी विचारलं. "आमची लेथ कुठं घावली तुमाला?"

मी कुदळवाडीचं सांगितलं. कापली, हेही सांगितलं. काकांनी हातातल्या टी-शर्टची घडी घातली. मग म्हणाले, "कापली तर कापली. वाजली तर खरं."

मग त्यांनी दाताचं सांगितलं. ते कंपनीत नवीन असताना त्यांच्याच पाळीत गिअरचा दात तुटला. फोरमन नानासाहेब म्हणाले, नवीन गिअर येईस्तोवर दोन महिने मशीन बंद. काकांनी रविवारी जाऊन तुटक्या जागी पितळ वितळवून भरलं आणि दिवसभर कानशीने घासून दात घडवला. सोमवारी मशीन चालू. नवीन गिअर कधी मागवलाच नाही. "बाकीचं दात बिडाचं, ह्यो पितळंचा. म्हनून बद्द वाजतो. माज्या हातचा दात हाय त्यो, पोरी. लाख मशिनीत वळखंन."

कंपनी बंद पडली तेव्हा लेथ कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं. मग डोळे गेले. एक दिवस त्यांचा मुलगा बुद्धरत्न ह्याच लॅपटॉपवर आमचा गेम खेळत होता आणि काका पलंगावरून उठून भिंतीला हात लावत लावत ह्या खोलीत आले.

"मला वाटलं भरमलं म्हाताऱ्याला," चिमाबाई म्हणाल्या. "म्हनत्यात, माजी मशीन चालू हाय हितं." बुद्धरत्न नोकरीला हैदराबादला जाण्याआधी त्यांना साइट बनवून देऊन गेला.

आणि दोघं खेळतात कसं, तर चिमाबाई ऑर्डर वाचतात, जॉब लावतात, वेग ठरवतात. काकांचं बोट फक्त स्पेस बारवर, मशीन थांबवायला. एक टक् म्हणजे गिअरचा एक फेरा, एका फेऱ्याला टूल किती सरकतं हे काकांना पाठ. बेचाळीसला टूल चकापाशी. आम्ही गेममध्ये असं काही बनवलंच नव्हतं! आमच्या प्रोग्रामरने फक्त आवाजाची लांबी टूलच्या चालीशी जुळवली होती. पण लेथ खरा होता, दात खरा होता, त्यामुळे मोजणी खरी निघाली. तीन वर्षांत ह्या माणसाने तीन नंबरवर एकही जॉब वाया घालवला नाही. चिमाबाईंच्या रजिस्टरमध्ये तारीखवार नोंदी आहेत, चार हजार एकशे सहा जॉब, सगळ्यांपुढे 'ओके'. मी शेवटापर्यंत पानं उलटत गेले.

शेवटचा 'ओके' २० नोव्हेंबरचा.

त्यांनी माझ्यासमोर एक जॉब लावला. माझा लोण्यासारखा लेथ सुरू झाला. काकांनी मान तिरकी केली, ओठ हलले, एक आकडासुद्धा मिळेना. टूल धाडकन आदळलं. त्यांनी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"आट दिस झालं, असंच," चिमाबाई हळूच म्हणाल्या. "बसत्यात, नि उठत्यात."

मी म्हटलं, "काका, सोमवारी जुना आवाज परत लावते. माझा शब्द." त्यांनी अंदाजाने माझ्या दिशेला हात जोडले.

जिना अर्धा उतरले आणि आठवलं. जुना आवाज मी ठेवलाच कुठे आहे?

सोमवार, १ डिसेंबर

सकाळपासून शोधलं. सर्व्हर, हार्डडिस्क, जुने पेनड्राइव्ह, माझा मोडका फोन. काही नाही. मी काम नीट करते अशी माझी ख्याती आहे, पुसायचं कामही नीटच केलं होतं.

दुपारी सुजितसरांना सगळं सांगितलं. केबल, टक्, पुसलं ते, दापोडी. ओरडतील असं वाटलं होतं. ते ऐकून घेऊन खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "चार हजार जॉब? एकही वाया नाही?"

"नाही, सर."

"मला स्वतःला दहातले चार जमत नाहीत."  मग म्हणाले, "कसंही कर, पण शोध. बेंगळुरूशी मी बोलतो."

मंगळवार, २ डिसेंबर

कुदळवाडी. भंगारवाला ओळखू आला, लेथ त्याला आठवतही होता. निदान गिअर कुठे पडला असेल तर, म्हणून विचारलं. तो हसला. "मॅडम, तीन साल पहले का लोहा? अब तक किसी के खिडकी की ग्रिल बन गया होगा."

येताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने खिडकीची जागा दिली.

बुधवार, ३ डिसेंबर

आज दापोडीला कबूल करायला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, दारात सगळी विसरले. उभ्या उभ्याच बोलले. "काका, मला तो बिघाड वाटला. मी काढला, आणि मूळ आवाज पुसून टाकला. आता कुठेच नाही. मी शब्द दिला होता, मला माफ करा."

 काका अंगठ्याने खुर्चीचा हात घासत राहिले, कानस धरल्यासारखा.

चिमाबाईंनी मला नखशिखांत बघितलं. लहानपणी पाढा चुकल्यावर बाई बघायच्या तसं. "पुसला? टॅग न लावता?"

"टॅग?"

"आगं, रिजेक्शन काय असं फेकत्यात व्हय? एकोणीस वर्सं इन्स्पेक्शन केलं म्या. लाइनीवरनं काडलेला नग रेड बिनमदी जातो. त्याला टॅग लागतो, कोन काडला, कवा काडला, कशापायी काडला. साह्यबानं सही केल्याबिगर त्यो भाईर जात न्हाई. उद्या कुनी इचारलं तर दावाय नगो?" बोलता बोलता त्यांनी चष्मा लावला आणि लॅपटॉप उघडला. "तुमच्या कंपनीनं लाइनीवरनं काडा म्हनलं, काडलं. फेका म्हनलं न्हवतं."

मी 'काढून टाकावेत' असं लिहिलं होतं. पण चिमाबाईंच्या जगात काढलेला नग असा टाकत नाहीत.

फोल्डरचं नाव 'रेड बिन'. आत अकरा आवाज, आणि प्रत्येकाला एक टॅग. तीन नंबरचा टॅग मी जसाच्या तसा उतरवून घेतला:

'नग: मशीन नंबर तीन. काढला: ७ नोव्हेंबर, दु. १२.४०. कारण: कंपनीचा आदेश. दोष: नाही.'

दोष: नाही. मी तिथेच खाली बसले आणि लहान मुलीसारखी रडले. चिमाबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता सही कर. तुमच्याच मालाचं बिन हाय, सही केल्याबिगर म्या देनार न्हाई."

मी त्यांच्या रजिस्टरमध्ये सही केली. इतक्या काळजीने मी ऑफर लेटरवरही केली नव्हती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

उद्या सहा डिसेंबर, ते दोघं चैत्यभूमीला जाणार. म्हणून आजच व्हायला हवं होतं, आणि झालं. सकाळी नऊला जुना आवाज चढवला. सुजितसरांनी बेंगळुरूवाल्यांना स्पष्ट सांगितलं की 'गाळेवाले'वर आवाज राहतील, हवं तर करार मोडा. त्यावर ते म्हणाले, राहू देत.

ऑफिसात मी एक फोल्डर बनवलं, 'रेड बिन'. पहिला नग माझाच घातला. 'नग: मशीन नंबर तीन, साफ केलेला. कारण: ऐकणारीची चूक. काढला: विजयश्री.' सुजितसरांना सही करायला लावली.

अकरा वाजता दापोडीला पोहोचले. काकांनी आमचा टी-शर्ट घातला होता, उलटा. चिमाबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नको.

जॉब लावला. लेथ घरघरला. मग पहिला टक्, बद्द.

काकांचं तोंड उघडं राहिलं. मग ते हळू मोजू लागले. खोलीत दुसरा आवाज नव्हता, खालची गिरणीसुद्धा बंद होती. वीस, एकवीस. मी पडद्यावर टूल बघत होते आणि तीसनंतर मला बघवेना, म्हणून मीही डोळे मिटले. मिटल्यावर तो दात स्पष्ट ऐकू आला. तो कुणीतरी एका रविवारी हाताने घासला होता, आणि तीन वर्षं मी त्याला केबल म्हणत होते.

"एक्केचाळीस. बेचाळीस." बोट पडलं. मशीन थांबलं.

चिमाबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. रजिस्टर ओढलं, आजची तारीख घातली आणि 'ओके' लिहिलं.

"बरी हाय का, तीन नंबर?" त्यांनी विचारलं.

काकांनी बोट पुन्हा स्पेस बारवर ठेवलं. "बोलत बसू नगंस," ते म्हणाले. "दुसरा जॉब लाव."